विश्लेषण : औषधे अनेक, कंट्रोल गट एकच... मग निकाल खरा की योगायोग?

एकाच वेळी तीन-चार औषधे, खते किंवा फवारण्या तपासल्या की त्यातले एखादे तरी 'चांगले' दिसतेच. ते खरोखर चांगले आहे की नशिबाने तसे दिसले, हे ठरवण्यासाठी संख्याशास्त्रात 'नॉनपॅरामेट्रिक' चाचण्या वापरतात. या चाचण्या आकड्यांऐवजी त्यांचे क्रमांक पाहतात. करोनाकाळातील रेमडेसिव्हिरच्या एका गाजलेल्या चाचणीत नेमका हाच पेच होता.

एप्रिल २०२१ मध्ये राज्यभर औषध दुकानांसमोर रेमडेसिव्हिरसाठी रांगा लागल्या होत्या. कुपी मिळावी म्हणून नातेवाईक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात धावत होते. काळाबाजार फोफावला आणि ११ एप्रिल रोजी केंद्र सरकारला या औषधाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. मात्र त्याआधी पाच महिने, २० नोव्हेंबर २०२० रोजी, जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील करोना रुग्णांना हे औषध देऊ नये, अशी सशर्त शिफारस केली होती. औषध परिणामकारक असल्याचे सांगणारे अभ्यास होते आणि नसल्याचे सांगणारेही होते. एकाच अभ्यासातून दोन्ही बाजूंचा निष्कर्ष निघावा, असेही घडले होते. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आकड्यांमागची रीत पाहावी लागते.

तो अभ्यास नेमका काय होता?

रेमडेसिव्हिरची ही चाचणी अमेरिका, युरोप आणि आशियातील १०५ रुग्णालयांत झाली. तिचे निष्कर्ष ऑगस्ट २०२० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मध्यम स्वरूपाचा करोना असलेल्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे यादृच्छिक पद्धतीने तीन गट करण्यात आले. १९१ जणांच्या पहिल्या गटाला पाच दिवसांचा रेमडेसिव्हिरचा कोर्स, १९३ जणांच्या दुसऱ्या गटाला दहा दिवसांचा कोर्स आणि २०० जणांच्या तिसऱ्या गटाला फक्त नेहमीचे उपचार मिळणार होते. हा तिसरा गट म्हणजे कंट्रोल गट, अर्थात तुलनेसाठी ठेवलेला गट. दोन्ही उपचारांची तुलना याच एका गटाशी व्हायची होती.

अकराव्या दिवशी प्रत्येक रुग्णाची प्रकृती सात पायऱ्यांच्या शिडीवर नोंदवली गेली. पहिली पायरी म्हणजे मृत्यू आणि सातवी म्हणजे घरी सुट्टी. मधल्या पायऱ्यांवर व्हेंटिलेटर, जास्त दाबाचा प्राणवायू, साधा प्राणवायू, प्राणवायूविना उपचार अशा अवस्था होत्या.

निकाल चमत्कारिक लागला. पाच दिवसांच्या गटाची स्थिती कंट्रोल गटापेक्षा संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय चांगली होती, पी-मूल्य ०.०२. दहा दिवसांच्या गटात मात्र तसा फरक सिद्ध झाला नाही, पी-मूल्य ०.१८. कमी औषधाचा उपयोग झाला आणि जास्त औषधाचा नाही, असे सकृद्दर्शनी दिसत होते.

पी-मूल्य म्हणजे काय?

औषधाचा काडीचाही उपयोग नाही, असे क्षणभर गृहीत धरायचे. तसे असूनही निव्वळ योगायोगाने दोन गटांत इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी-मूल्य सांगते. ०.०२ म्हणजे १०० पैकी २ वेळा. ही शक्यता ०.०५ पेक्षा, म्हणजे पाच टक्क्यांपेक्षा कमी असली की फरक 'लक्षणीय' म्हणण्याचा प्रघात आहे.

येथे एक गैरसमज सर्रास होतो. पी-मूल्य ०.०२ असणे म्हणजे औषध ९८ टक्के परिणामकारक असणे नव्हे. औषध खरे असण्याची शक्यता ९८ टक्के आहे, असाही त्याचा अर्थ नाही. हा आकडा फक्त योगायोगाच्या बाजूने बोलतो.

मग सरळ सरासरी का काढत नाहीत?

कारण शिडीच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. मृत्यू १, व्हेंटिलेटर २ आणि सुट्टी ७ असे आकडे दिले तरी १ आणि २ मधले अंतर ६ आणि ७ मधल्या अंतराइतकेच आहे, असे कोणी म्हणणार नाही. एक रुग्ण दगावला आणि एक घरी गेला, तर दोघांची सरासरी चार येते. चौथी पायरी म्हणजे साधा प्राणवायू लावलेला रुग्ण. म्हणजे प्रत्यक्षात जो रुग्ण त्या दोघांत नाहीच, तो सरासरीत उभा राहतो.

दुसरी अडचण टोकाच्या आकड्यांची. बहुतेक रुग्ण आठ-दहा दिवसांत बरे झाले आणि एकालाच महिना लागला, तर तो एकटा सगळ्या गटाची सरासरी ओढून नेतो. तिसरी अडचण गृहीतकाची. सरासरीवर आधारलेल्या नेहमीच्या चाचण्या, उदाहरणार्थ टी-चाचणी, आकडे घंटेच्या आकाराच्या आलेखात विखुरलेले आहेत असे मानून चालतात. मोठ्या गटात हे गृहीतक थोडे चुकले तरी भागते. लहान गटात मात्र ते महागात पडू शकते.

आकडे कोणत्या आकारात विखुरले आहेत याबद्दल असे ठाम गृहीतक न धरणाऱ्या चाचण्यांना नॉनपॅरामेट्रिक म्हणतात. त्यातल्या सर्वाधिक वापरातल्या चाचण्यांची युक्ती एकच, आकडा सोडा आणि क्रमांक धरा.

ही युक्ती कोणाची?

फ्रँक विल्कॉक्सन यांची. ते मुळात रसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेतील बॉइस थॉम्पसन या वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुढे अमेरिकन सायनामिड या कंपनीत त्यांनी बुरशीनाशके आणि कीटकनाशकांवर काम केले. तेथे रोज नवी द्रावणे तपासायची आणि प्रत्येक वेळी किचकट आकडेमोड करायची, असा व्याप असे. संगणक नव्हते. झटपट आणि तरीही भरवशाचा अंदाज यावा म्हणून त्यांनी सोपा मार्ग शोधला आणि १९४५ मध्ये अवघ्या चार पानांच्या लेखात तो मांडला. त्यातील एक उदाहरण माश्या मारण्याच्या दोन फवारण्यांचे होते. दोन वर्षांनी, १९४७ मध्ये, हेन्री मान आणि रॅन्सम व्हिटनी यांनी त्याच कल्पनेला भक्कम गणिती पाया दिला. आज ही चाचणी विल्कॉक्सन किंवा मान-व्हिटनी अशा दोन्ही नावांनी ओळखली जाते. रेमडेसिव्हिरच्या दहा दिवसांच्या गटाची तुलना याच चाचणीने करण्यात आली होती.

क्रमांकांचे गणित कसे चालते?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. चार रुग्णांना औषध दिले. ते ५, ६, ७ आणि ८ दिवसांत बरे झाले. कंट्रोल गटातील चौघांना ९, ११, १२ आणि ३० दिवस लागले. आता आठही जणांना एका रांगेत उभे करायचे. सर्वात लवकर बरा झालेला पहिला, सर्वात उशिरा बरा झालेला आठवा. औषध गटाच्या वाट्याला १, २, ३, ४ हे क्रमांक आले, बेरीज १०. कंट्रोल गटाला ५, ६, ७, ८ मिळाले, बेरीज २६. दोघांचे आकडे सारखे आले असते, तर त्यांना क्रमांकांची सरासरी वाटून दिली असती.

औषधाचा उपयोग शून्य असेल तर कोणता क्रमांक कोणाला मिळतो, ही निव्वळ सोडत ठरते. आठ क्रमांकांतून चार निवडण्याचे ७० प्रकार आहेत. त्यातल्या एकाच प्रकारात पहिले चारही क्रमांक औषध गटाला जातात. उलट बाजूचा, म्हणजे औषध सर्वात वाईट ठरण्याचा, एक प्रकारही धरला तर ७० पैकी २, म्हणजे साधारण २.९ टक्के. हेच पी-मूल्य. त्यासाठी ना घंटेचा आलेख लागला, ना क्लिष्ट सूत्र.

आता ३० दिवस लागलेल्या रुग्णाकडे पाहू. त्याला ३० ऐवजी १३ दिवस लागले असते, तरी त्याचा क्रमांक आठवाच राहिला असता आणि निकाल तसूभरही बदलला नसता. सरासरीचे तसे नाही. तो १३ दिवसांत बरा झाला असता, तर दोन गटांच्या सरासरीत पावणेपाच दिवसांचा फरक असता. ३० दिवसांमुळे तो फरक नऊ दिवसांचा होतो. फरक वाढला म्हणजे पुरावा भक्कम झाला, असे वाटेल. पण घडते उलटेच. त्या एका आकड्यामुळे कंट्रोल गटातील चढउतार इतके वाढतात की टी-चाचणीला फरक लक्षणीय वाटेनासा होतो. टोकाचा आकडा टी-चाचणीला गोंधळवतो, क्रमांकांना नाही.

अनेक उपचार आले की काय बिघडते?

दोन बाबी बिघडतात. पहिली, चुकीला मिळणाऱ्या संधी वाढतात. एका तुलनेत योगायोगाला पाच टक्के वाव दिला, तर निकामी औषध चुकून 'गुणकारी' ठरण्याची शक्यता पाच टक्के. पण पाच निकामी औषधे पाच स्वतंत्र तुलनांत तपासली, तर त्यातले किमान एक तरी लक्षणीय दिसण्याची शक्यता सुमारे २२.६ टक्क्यांवर जाते. दहा तुलनांत ती ४० टक्के होते आणि वीस तुलनांत ६४ टक्के. म्हणजे वीस निरुपयोगी गोळ्या तपासल्या तर त्यातली एखादी 'यशस्वी' ठरण्याचीच शक्यता जास्त. मग बातमी त्या एका गोळीची होते. उरलेल्या एकोणीस कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

दुसरी बाब कंट्रोल गट एकच असण्याची. दुकानदाराचा मीटरच आखूड निघाला, तर त्या दिवशी विकलेले प्रत्येक कापड लांब भरते. तसेच येथे होते. कंट्रोल गटात योगायोगाने जरा जास्त गंभीर रुग्ण आले, तर त्याच्याशी तुलना केलेले प्रत्येक औषध चांगले दिसू लागते. तुलना एकमेकींपासून स्वतंत्र राहत नाहीत. त्यामुळे एकूण चुकीची शक्यता वर दिलेल्या आकड्यांपेक्षा काहीशी कमी भरते. पण चूक होते तेव्हा ती एकटी येत नाही, झुंडीने येते. 'तीनही औषधे गुणकारी ठरली' हे वाक्य त्यामुळे दिसते तितके भक्कम असेलच असे नाही. तीन साक्षीदार असले तरी तिघांनी एकाच माणसाकडून ऐकलेले असते.

यावर उपाय कोणते?

सर्वात सोपा उपाय बोन्फेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो. पाच टक्क्यांची सवलत सगळ्या तुलनांत वाटून टाकायची. तीन तुलना असतील तर प्रत्येकीला १.६७ टक्के, पाच असतील तर एक टक्का. हिशेब सोपा, पण हात आखडता. तुलना वाढतील तसे खरे औषधही या गाळणीतून निसटू शकते. १९७९ मध्ये स्टुअर होल्म यांनी यात सुधारणा सुचवली. सर्वात लहान पी-मूल्याला सर्वात कडक निकष लावायचा आणि ते टिकले तर पुढच्यासाठी निकष पायरीपायरीने सैल करायचा. एकूण चुकीची मर्यादा तीच राहते आणि खरा फरक सापडण्याची संधी वाढते.

दुसरा मार्ग म्हणजे आधी सगळ्या गटांकडे एकत्र पाहणे. विल्यम क्रस्कल आणि अ‍ॅलन वॉलिस यांनी १९५२ मध्ये त्यासाठी चाचणी दिली. त्यात सर्व गटांतील माणसांना एकाच रांगेत क्रमांक देतात आणि गटांचे सरासरी क्रमांक एकमेकांपासून किती लांब आहेत हे पाहतात. मात्र ही चाचणी 'कुठे तरी फरक आहे' एवढेच सांगते. तो कोणत्या औषधात आणि कंट्रोल गटात आहे, की फक्त दोन औषधांमध्येच आहे, हे ती सांगत नाही.

कंट्रोल गटाशी थेट तुलना करण्याची रीत चार्ल्स डनेट यांनी १९५५ मध्ये मांडली. एकच कंट्रोल गट वापरल्याने तुलना एकमेकींत किती गुंतल्या आहेत, हे त्यांनी हिशेबात धरले. त्यामुळे निकष बोन्फेरोनीइतका कडक ठेवावा लागला नाही. गमतीचा भाग असा की डनेट आणि विल्कॉक्सन दोघेही अमेरिकन सायनामिडच्या लेडर्ली प्रयोगशाळेत काम करत. पण डनेट यांची चाचणी सरासरीवर आधारलेली होती. तिला क्रमांकांची जोड रॉबर्ट स्टील यांनी १९५९ मध्ये दिली. अनेक उपचार विरुद्ध एक कंट्रोल गट, यासाठीची ही खास नॉनपॅरामेट्रिक चाचणी. पुढे १९६४ मध्ये ऑलिव्ह जीन डन यांनी आणखी एक रीत दिली.

स्टील आणि डन यांच्यात फरक काय?

रांग कशी लावायची, हा. स्टील यांच्या रीतीत प्रत्येक वेळी फक्त दोनच गटांची रांग लावतात. आधी पहिले औषध आणि कंट्रोल गट, मग दुसरे औषध आणि कंट्रोल गट. डन यांच्या रीतीत सर्व गटांची एकच मोठी रांग लागते आणि तीच सगळ्या तुलनांसाठी वापरतात.

हा फरक वाटतो तितका किरकोळ नाही. मोठ्या रांगेत तिसऱ्या औषधाचे रुग्ण पहिल्या औषधाच्या आणि कंट्रोल गटाच्या रुग्णांमध्ये घुसले, तर त्या दोघांच्या क्रमांकांतील अंतर बदलते. म्हणजे पहिल्या औषधाचा निकाल काही अंशी तिसऱ्या औषधावर अवलंबून राहतो. स्टील यांच्या रीतीत हे होत नाही. उलट डन यांची रीत क्रस्कल-वॉलिस चाचणीच्याच रांगेवर चालते आणि गटांची संख्या कमी-जास्त असली तरी सहज वापरता येते. म्हणून संगणकीय पॅकेजमध्ये ती सहसा क्रस्कल-वॉलिसच्या पाठोपाठ येते.

कोणत्याही रीतीत एक पथ्य मात्र समान आहे. कोणत्या तुलना करायच्या हे प्रयोगाआधी ठरवायचे. पाच औषधे आणि एक कंट्रोल गट असेल, तर कंट्रोल गटाशी तुलना पाचच होतात. सगळ्यांची सगळ्यांशी जोडी लावली तर त्या पंधरा होतात आणि प्रत्येक जास्तीच्या तुलनेची किंमत निकषात मोजावी लागते.

कंट्रोल गट किती मोठा हवा?

कंट्रोल गट प्रत्येक तुलनेत वापरला जात असल्याने तो इतरांपेक्षा मोठा ठेवणे फायद्याचे असते. ढोबळ नियम असा की जितके उपचार, त्या संख्येच्या वर्गमूळाइतक्या पटीने कंट्रोल गट मोठा असावा. चार उपचारांच्या प्रत्येक गटात दहा जण असतील, तर कंट्रोल गटात वीस असावेत.

लहान गटांची मर्यादाही येथे लक्षात घ्यायला हवी. तीन विरुद्ध तीन अशी तुलना असेल, तर क्रमांक वाटण्याचे फक्त २० प्रकार होतात. दोन्ही बाजू धरल्या तर सर्वात टोकाच्या निकालाचेही पी-मूल्य १० टक्के येते. औषध कितीही रामबाण असले तरी ही चाचणी ते लक्षणीय ठरवूच शकत नाही. चार विरुद्ध चारमध्ये २.९ टक्के मिळतात. एका तुलनेला ते पुरतात. पण तीन औषधे असतील आणि बोन्फेरोनीचा १.६७ टक्क्यांचा निकष लावला, तर पुन्हा अपुरे पडतात. पाच विरुद्ध पाच केले की २५२ प्रकार होतात आणि पी-मूल्य ०.८ टक्क्यांपर्यंत खाली येऊ शकते. म्हणून किती नमुने घ्यायचे, हे प्रयोग सुरू होण्याआधी ठरवायचे असते. निकाल हाती आल्यावर हळहळून उपयोग नसतो.

औषधांखेरीज या चाचण्या कोठे वापरतात?

एक ठळक उदाहरण अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडण्याजोगे आहे का, हे तपासताना ही संस्था 'सेरिओडाफ्निया' हा जेमतेम मिलिमीटरभर आकाराचा कवचधारी जलचर वापरण्याची पद्धत सांगते. स्वच्छ पाण्याचा कंट्रोल गट आणि सांडपाण्याची पाच वेगवेगळी प्रमाणे, उदाहरणार्थ ६.२५, १२.५, २५, ५० आणि १०० टक्के. प्रत्येक प्रमाणासाठी दहा माद्या, प्रत्येक मादी वेगळ्या पेल्यात. साधारण आठवडाभरात प्रत्येकीला किती पिल्ले झाली, ते मोजतात.

मग आकड्यांची परीक्षा होते. ते घंटेच्या आलेखात बसतात का आणि सगळ्या गटांतील चढउतार सारखे आहेत का, हे पाहतात. बसत असतील तर डनेट यांची चाचणी आणि नसतील तर स्टील यांची. गटांतील संख्या असमान झाली असेल, तर विल्कॉक्सनची चाचणी बोन्फेरोनीच्या निकषासह. स्टील यांच्या चाचणीसाठी प्रत्येक प्रमाणाचे किमान चार नमुने हवेत, असेही मार्गदर्शनात सांगितले आहे. पिल्लांची संख्या कंट्रोल गटापेक्षा लक्षणीय घटली नाही, असे सर्वात जास्त प्रमाण कोणते, हे यातून ठरते. कारखान्याच्या परवान्याचा आणि नदीतल्या जीवांचा प्रश्न अशा रीतीने क्रमांकांच्या बेरजेशी येऊन ठेपतो.

शेतीतही हाच साचा दिसतो. बुरशीनाशकांच्या चाचणीत काही वाफे फवारणीविना ठेवतात आणि पानांवरील रोग ० ते ९ अशा गुणपट्टीवर मोजतात. ही गुणपट्टीही शिडीच आहे. सातवरून आठवर जाणे आणि शून्यावरून एकवर जाणे सारखे नसते. शेताचा एक कोपरा ओलसर आणि दुसरा मुरमाड असेल, तर जमिनीचे सारखे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात सगळे उपचार देतात. अशा रचनेत क्रमांक प्रत्येक तुकड्यापुरते लावण्याची रीत १९३७ मध्ये मिल्टन फ्रीडमन यांनी मांडली. १९७६ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे फ्रीडमन ते हेच.

रेमडेसिव्हिरच्या निकालाचा मग अर्थ काय?

आता ०.०२ आणि ०.१८ या दोन आकड्यांकडे पुन्हा पाहता येईल. तुलना दोन होत्या. बोन्फेरोनीची कडक फूटपट्टी लावली तर प्रत्येकीचा निकष ०.०२५ होतो. पाच दिवसांचा निकाल त्यातही टिकतो, पण काठावर. चांगल्या अवस्थेकडे झुकण्याची सापेक्ष शक्यता दाखवणारे ऑड्स गुणोत्तर १.६५ आले. मात्र त्याची विश्वासमर्यादा १.०९ पासून २.४८ पर्यंत पसरली होती. म्हणजे लाभ बऱ्यापैकी असू शकत होता, तसा नाममात्रही.

दहा दिवसांच्या गटाची गोष्ट आणखी बोलकी आहे. कोर्स दहा दिवसांचा असला तरी अनेक रुग्ण त्याआधीच बरे होऊन घरी गेले. परिणामी या गटातील उपचारांचा मध्यक सहा दिवस भरला. पाच दिवसांच्या गटात तो पाच दिवस होता. औषधाच्या मात्रेत फारसा फरक नसताना एक गट रेषेच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे पडला. म्हणून 'पाच दिवसांचा कोर्स चालतो, दहा दिवसांचा चालत नाही' असा अर्थ काढणे चूक ठरते. एक निकाल लक्षणीय आणि दुसरा नाही, याचा अर्थ त्या दोन निकालांतील फरक लक्षणीय आहे असा होत नाही. शिवाय कोणाला औषध मिळते आहे, हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. सुट्टी कधी द्यायची यासारख्या निर्णयावर त्याचा प्रभाव पडू शकतो. २८ दिवसांत पाच दिवसांच्या गटात २, दहा दिवसांच्या गटात ३ आणि कंट्रोल गटात ४ मृत्यू झाले. दिसलेल्या फरकाचे वैद्यकीय महत्त्व अनिश्चित आहे, असे संशोधकांनीच नमूद केले.

त्यानंतर मोठ्या अभ्यासांनी चित्र स्पष्ट केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'सॉलिडॅरिटी' चाचणीत भारतही सहभागी होता. ३० देशांतील ४०५ रुग्णालयांत ११,३३० रुग्णांवर चार औषधे तपासण्यात आली. २०२० च्या अखेरीस आलेल्या निष्कर्षांत चारपैकी एकाही औषधाने मृत्यू घटल्याचे दिसले नाही. रेमडेसिव्हिर घेतलेल्या २,७४३ जणांपैकी ३०१ आणि तुलनेच्या २,७०८ जणांपैकी ३०३ रुग्ण दगावले. याच टप्प्यावर संघटनेने नोव्हेंबरमधील शिफारस केली. पुढे २०२१ च्या अखेरीस आणखी एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात रुग्णालयात दाखल न झालेल्या, पण धोका जास्त असलेल्या रुग्णांना सुरुवातीलाच तीन दिवस रेमडेसिव्हिर दिले होते. औषध घेतलेल्यांपैकी ०.७ टक्के, तर न घेतलेल्यांपैकी ५.३ टक्के रुग्णांवर रुग्णालयात दाखल होण्याची किंवा मृत्यूची वेळ आली. एप्रिल २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अशा निवडक रुग्णांसाठी औषध सशर्त सुचवले. म्हणजे औषध रामबाणही नव्हते आणि निव्वळ पाणीही नव्हते. प्रश्न कोणाला आणि केव्हा द्यायचे, याचा होता. रांगांच्या धामधुमीत नेमका तोच मागे पडला.

क्रमांकांच्या चाचण्यांच्या मर्यादा काय?

त्या फरक आहे की नाही हे सांगतात. किती आहे, हे त्यांच्या बेरजेतून थेट कळत नाही. पाच दिवस वाचले की पाच तास, हे वेगळे काढावे लागते. दुसरे, त्या गृहीतकमुक्त नाहीत. नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असावेच लागतात. एका गटातील आकडे खूप विखुरलेले आणि दुसऱ्यातील एकवटलेले असतील, तर निकालाचा अर्थ 'मध्यक वेगळे आहेत' असा सरळ लावता येत नाही. तिसरे, पी-मूल्य मोठे आले म्हणजे औषध निकामी ठरले असे नव्हे. नमुने कमी असल्याने फरक हाती लागला नाही, असेही असू शकते. आणि गट मुळातच चुकीचे पाडले असतील, तर कोणतीही चाचणी तो दोष दुरुस्त करू शकत नाही.

बातमी वाचताना काय पाहावे?

'नव्या औषधाची चाचणी यशस्वी' असे मथळे यापुढेही मोबाइलवर येत राहतील. तेव्हा पाच साधे प्रश्न विचारता येतात. एक, तुलना कोणाशी केली आणि कंट्रोल गट किती मोठा होता? दोन, एकूण किती उपचार तपासले आणि त्यांपैकी कितींची बातमी झाली? तीन, अनेक तुलनांसाठी निकष कडक केला होता का? चार, कोणत्या तुलना करायच्या हे आधी ठरले होते, की निकाल पाहून? आणि पाच, फरक लक्षणीय आहे हे ठीक, पण तो रुग्णाला जाणवेल इतका मोठा आहे का?

या प्रश्नांची उत्तरे बातमीत नसतील, तर निदान मूळ अभ्यासाच्या सारांशात ती शोधावीत. तेथेही ती सापडली नाहीत, तर दुकानासमोर रांग लावण्याआधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा : हे औषध या रुग्णाला, आजाराच्या या टप्प्यावर, खरोखर लागणार आहे का?